अकरा वर्षं न थांबलेलं मशीन

मशीनताईच्या सासऱ्यांना आयुष्यात दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे सत्तरीला टेकले तरी त्यांचा एकही दात किडला नव्हता, आणि दुसरी म्हणजे त्यांनी हॉस्पिटलात बसवलेलं मशीन अकरा वर्षांत एकदाही बंद झालं नव्हतं. दातांचं ते पाहुण्यांना एकदाच सांगत. मशीनचं मात्र पाहुणा खुर्चीत टेकतो न टेकतो तोच सुरू होई. "अकरा वर्षं! अहो, एवढा वेळ न थांबता दुसरं काय चालतं, सांगा बघू!" यावर आतल्या खोलीतून मशीनताईचा नवरा न चुकता ओरडायचा, "तुमचं तोंड, बाबा!"

मशीनताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती हॉस्पिटलात सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर होती, पण आया आणि वॉर्डबॉय यांना एवढं लांबलचक कोण म्हणत बसणार? तीन वर्षांपूर्वी सासरे निवृत्त झाले आणि त्यांच्या जागेवर तीच परीक्षेत पहिली येऊन बसली. चार जणांनी नाकं मुरडली, मग त्यांचीच कार्डं चालेनाशी झाली की तिच्याच दाराशी यायला लागले. असो.

त्या मशीनवर हॉस्पिटलची डिरेक्टरी होती. डिरेक्टरी म्हणजे तिथे काम करणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद. कोण, कुठल्या वॉर्डाचा, त्याला कुठलं दार उघडायची परवानगी, औषधाच्या कुठल्या कपाटाची. सिस्टरने कपाटाला कार्ड टेकवलं की कपाट डिरेक्टरीला विचारतं, "ह्यांच्यासाठी उघडू का?" आणि डिरेक्टरी पापणी लवायच्या आत उत्तर देते. हे दिवसातून लाखभर वेळा होतं आणि कुणाच्या गावीही नसतं.

आज दुपारी बारा वाजता इमारतीचं विजेचं पॅनल बदलायचं होतं. वॉर्ड जनरेटरवर चालणार होते, दारांवर आणि औषधाच्या कपाटांपाशी पावणेदोनपर्यंत किल्ल्या घेऊन माणसं उभी राहणार होती, पण सर्व्हर रूमची वीज जाणार होती. जुन्या मशीनची डिस्क इतकी म्हातारी झालेली की एकदा थांबली तर पुन्हा फिरेल याची हमी कुणी देईना. म्हणून शेजारी नवं मशीन आणून ठेवलं होतं आणि सगळ्या नोंदी त्यात उतरवूनही झाल्या होत्या. घोडं अडलं होतं ते एकाच जागी. मशीनताईने दोन हजार खोटी माणसं एकदम नव्या मशीनवर सोडून पाहिली, तर हजाराच्या आसपास त्याने हात टेकले. जुनं मशीन रोज दुपारी दोनला, ड्युटी बदलताना, एकवीसशे जोडण्या, म्हणजे एकदम विचारणारी तेवढी दारं-कपाटं, हसत हसत पेलत होतं. तिने जुन्याच्या सेटिंगच्या आकड्यांच्या फायली उघडल्या, तर त्या कोऱ्या करकरीत. कारखान्यातून आल्या तशाच!

"बाबा, तुम्ही ते आकडे ठेवलेत कुठे?" सकाळी तिने सासऱ्यांना विचारलं.

"मशीनमध्ये."

"मशीनमध्ये कुठे?"

"पोटात."

"कागदावर लिहिलं असेल ना कुठेतरी?"

"चालू मशीनला कागद कशाला लागतो?" असं म्हणून सासरे पेपरामागे गेले.

"अहो, आज ते बंद होणार आहे!"

"मग नका करू बंद." पेपर जरासा हलला, पण खाली काही आला नाही.

मशीनताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांचा अकरा वर्षांचा तोरा आणि आज निस्तरायचं कुणी, तर तिने. दोनच्या ठोक्याला नवं मशीन गुदमरलं आणि कपाटं उघडली नाहीत, तर कुणाच्या तरी उशाशी औषध वेळेवर पोचणार नाही. इतकं सरळ होतं ते. ती डबासुद्धा न घेता घरातून बाहेर पडली.

सर्व्हर रूम म्हणजे हॉस्पिटलच्या तळघरातली एक बिनखिडकीची खोली. आत कायम थंडी, म्हणून दाराआड तिचा एक विटका स्वेटर टांगलेला असे. तो चढवून ती जुन्या मशीनसमोर बसली. आता एवढंच समजून घ्या, की युनिक्सला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रणालीला, आकडे दोन तऱ्हांनी सांगता येतात. एक, फायलीत लिहून. मग मशीन कितीदाही बंदचालू करा, उठल्यावर ते फाईल वाचतं आणि त्याप्रमाणे वागतं. दुसरी तऱ्हा तोंडी सांगण्याची. चालू मशीनला हुकूम सोडला की ते त्या क्षणापासून ऐकतं, पण जागं आहे तोवरच. बाबांनी सगळं तोंडी सांगितलं होतं! अकरा वर्षांचं शहाणपण विजेच्या एका वायरवर लटकत होतं, आणि ती वायर बाराला निघणार होती.

पण जागं आहे तोवर मशीनला विचारताही येतं. तिने विचारलं. जुन्याने आपले सगळे जिवंत आकडे ओकून टाकले, शेकड्यांनी. तिने ते नव्याच्या आकड्यांशी ताडून पाहिले. अडतीस ठिकाणी फरक निघाला.

ती ओळीओळीने वाचायला लागली आणि तिचा राग कधी उतरला, तिचं तिलाच कळलं नाही. पहिलाच आकडा जोडणी जिवंत आहे का हे चाचपण्याचा. पलीकडचं यंत्र अचानक मेलं, तर युनिक्स दोन तास त्याची वाट बघत बसतं. इथे दोन तासांची दहा मिनिटं केली होती. पुढे दारात ताटकळणाऱ्या जोडण्यांची रांग किती लांब धरायची, तो आकडा. मूळ एकशे अठ्ठावीस, इथे चार हजार शहाण्णव. मग डिरेक्टरीच्या नोंदी सगळ्या मेमरीत धरायच्या, डिस्ककडे ढकलायच्या नाहीत, असं एक कलम. फाईल वाचली की 'वाचली' म्हणून डिस्कवर टिपून ठेवायची युनिक्सची सवय, तीही मोडलेली. एकही आकडा उगाच नव्हता. दर ओळीमागे कुणीतरी कुठेतरी खोळंबलं होतं आणि एका माणसाने ते बघितलं होतं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तीन वर्षं ती ह्या मशीनशेजारी बसत होती आणि ह्यातलं काहीएक तिला ठाऊक नव्हतं.

"दहा मिनिटं का, ते कळलं का?"

तिने दचकून मागे पाहिलं. दारात बाबा उभे, वॉचमनने ओळखीवर आत सोडलेले. पायात ऑफिसचे बूट, पॉलिश करून चकाकते. हातात तिचा विसरलेला डबा.

"नाही कळलं," ती म्हणाली. रुसवा दाखवायचा होता, पण जमला नाही.

"लिफ्टशेजारची दारं. लिफ्ट सुरू होताना झटका बसतो आणि दारावरचं यंत्र मरतं. मरताना सांगून मरत नाही. मग आपलं मशीन बसतं दोन तास मुडद्याचा हात धरून, आणि जिवंत माणसाला जागा नाही." बाबांनी स्टूल ओढलं. "चार दिवस उभा होतो त्या लिफ्टपाशी. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला काम नाही."

"बाबा, हे सगळं तुम्ही एकट्याने शोधलंत?"

"दुसरं कोण येणार होतं? तुझ्या नवऱ्याला साधा बल्ब बदलता येत नाही."

मग दोघं कामाला लागले. बाबा आकडा वाचायचे, ती नव्या मशीनच्या फाईलीत लिहायची, आणि दर आकड्याबरोबर बाबा त्याची जन्मकथा सांगायचे. अमुक दार, तमुक वॉर्ड, कुठल्या मजल्यावरच्या सिस्टर घाईघाईत कार्ड तीन तीनदा टेकवतात. अख्ख्या हॉस्पिटलाच्या खोडी त्या अडतीस ओळींत होत्या. ती मान डोलवत होती, मध्येच "अगंबाई!" म्हणत होती. घरी मीठ कमी पडलं म्हणून भांडणारा हाच का तो माणूस, असं तिला वाटून गेलं.

सदतीस झाले. अडतिसावा आकडा होता डिरेक्टरीने एका वेळी किती जोडण्या धराव्यात, त्याच्या मर्यादेचा. मूळ मर्यादा एक हजार चोवीस. जुन्या मशीनवर आठ हजार एकशे ब्याण्णव.

"हा कधी वाढवलात?" तिने विचारलं.

इतका वेळ पोपटासारखे बोलणारे बाबा आता "लिही," एवढंच म्हणाले.

तिने लिहिलं. मग डिरेक्टरी सुरू करून दोन हजार खोटी माणसं पुन्हा सोडली. नव्या मशीनने ती अशी गिळली की ढेकरही दिला नाही. मशीनताईने टाळी वाजवली. बाबा हसले नाहीत.

बारा वाजता वायरमन दारात आला. "ताई, काढू का हो?"

जुन्या मशीनच्या पडद्यावर आकडा होता : चार हजार बावीस दिवस. बाबांनी पत्र्यावर तळवा ठेवला, उगाच, धूळ पुसल्यासारखा केला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ताईने हुकूम दिला. पंखे एकेक करत मंदावले आणि थांबले. ती खोली एवढी शांत तिने कधी ऐकलीच नव्हती. वायरमनसुद्धा, उगाच बडबडणारा गडी, हातातला पाना छातीशी धरून मिनिटभर तसाच उभा राहिला.

एकला वीज आली. तिने नवं मशीन चालू केलं, डिरेक्टरी आपोआप उठली. ती एकेक आकडा तपासत खाली आली. सदतीस बरोबर. अडतिसाव्याशी तिचं बोट थांबलं.

एक हजार चोवीस.

"बाबा, मी लिहिलं होतं. तुमच्यासमोर लिहिलं होतं!"

फाईल उघडली, तर तिथे आठ हजार एकशे ब्याण्णव व्यवस्थित लिहिलेलं. मग कुठे गेलं ते? तिने कपाळावर हात मारून घेतला. ती फाईल मशीन वाचतं ते माणूस लॉगिन करतो तेव्हा. सकाळी तिने स्वतः लॉगिन करून हाताने डिरेक्टरी सुरू केली, म्हणून मर्यादा लागू झाली आणि चाचणी पार पडली. आता वीज येताच डिरेक्टरी आपली आपण उठली. तिच्यासाठी कुणी लॉगिन केलंय? ती फाईल तिने बघितलीच नाही. सगळं बरोबर करून सगळं चुकवायचं, ही चूक करायला माणूस ह्याच धंद्यातला लागतो.

बाबा स्टुलावर बसले होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी पण हेच केलं होतं," ते म्हणाले.

"कधी?"

"चार हजार बावीस दिवसांपूर्वी." त्यांनी चष्मा काढला. "मशीन नवीन होतं. मर्यादा फाईलीत लिहिली, तपासली, बरोबर. दुपारी काहीतरी कामाला मशीन बंद करून चालू केलं. परत तपासायला नको? नाही तपासलं. शहाणा ना मी! दोन वाजता ड्युटी बदलली आणि हजारापाशी सगळं गच्च. फोन आला मुलांच्या वॉर्डातून. सिस्टर म्हणाली, कपाट उघडत नाहीये, पोराला झटके येतायत. तिच्या मागे पोराची आई ओरडत होती. मला ऐकू येत होतं, सूनबाई."

मशीनताईने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"लॉगिन करून हाताने डिरेक्टरी उठवली. चार मिनिटं गेली त्यात. मग सगळं चालायला लागलं. फोन तोवर बंद झालेला." बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "फाईलीतली ती ओळ मी तेव्हाच पुसून टाकली, फायलींवरचा भरवसाच उडाला. त्या दिवसापासून मी त्या मशीनला हात लावू दिला नाही कुणाला. बंद केलं आणि परत तेच झालं तर? लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला अभिमान आहे. मीही म्हटलं, वाटू दे. कसला अभिमान! पाचावर धारण बसली होती माझी. अकरा वर्षं."

"आणि ते पोर?"

"मी विचारलं नाही."

"कधीच?"

"हिंमतच झाली नाही."

घड्याळात एक वाजून वीस झाले होते. रडायला वेळ नव्हता. मशीनताईने डिरेक्टरीची स्वतःची सुरुवातीची फाईल उघडली, तीच जी वाचून ती कुणाच्याही लॉगिनशिवाय उठते, आणि मर्यादा तिथे लिहिली. आकडा दोनदा वाचला.

"आता डिरेक्टरी हाताने उठवू का? लगेच चालेल," ती म्हणाली.

"नाही." बाबा उठले. "तसं मीही चालवलं. मशीन बंद कर. पुरतं. मग चालू कर, आणि तू लॉगिन करायच्या आधी ते आपलं आपण काय करतंय ते बघू."

"चाळीस मिनिटं आहेत, बाबा."

"सरक. बटण मी दाबतो."

त्यांनी दाबलं. मशीन विझलं. त्यांनी पुन्हा दाबलं. मशीन आपली मेमरी तपासत बसलं, सावकाश, जगात कसली घाई नसल्यासारखं. सहा मिनिटं लागली. त्या सहा मिनिटांत बाबांनी स्टुलाची कड सोडली नाही आणि मशीनताईने त्यांचा दंड सोडला नाही. मग पडदा उजळला, डिरेक्टरी उठली, तिने मर्यादा विचारली.

आठ हजार एकशे ब्याण्णव.

"हुश्श!" दोघांच्या तोंडून एकदमच निघालं. तिचा जीव भांड्यात पडला. बाबांचा मात्र अजून पडायचा होता, कारण दोन वाजायचे होते.

पावणेदोनपासून आकडा चढायला लागला. तीनशे, चारशे. तिने नोंदींचा पडदा उघडा ठेवला, आणि त्यावरून नावं वाहायला लागली. भाजी चिरणाऱ्या बायका, एक्स-रेवाला, भूल देणारे डॉक्टर, धोबी, नव्या सिस्टर, जुन्या सिस्टर. प्रत्येकजण कुठल्यातरी दाराशी येऊन विचारत होता, मी मीच आहे ना? आणि मशीन म्हणत होतं, हो, या. सेकंदाला वीस वेळा, न थकता, न चुकता. साहेबांना तेवढाच वेळ आणि झाडूवाल्या मावशींनाही तेवढाच. हे रोज होत आलं होतं आणि मशीनताईने आजवर कधी बघितलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. केवढी माणसं! ह्या एवढ्याशा पेटीला सगळी ठाऊक होती.

नऊशे. नऊशे ऐंशी. बाबांनी डोळे मिटले.

"एक हजार," ती वाचत होती. "एक हजार वीस. बाबा, एक हजार तीस. गेलं पुढे! डोळे उघडा!"

अकराशे. पंधराशे. दोन वाजून तीन मिनिटांनी एकवीसशे त्रेचाळीस, आणि मग आकडा हळूहळू उतरायला लागला. एकही दार अडलं नाही, एकही फोन वाजला नाही. बाबा बराच वेळ टेबलावरच्या फोनकडे बघत बसले होते.

"सूनबाई," ते शेवटी म्हणाले, "मला तिसऱ्या मजल्यावर जायचंय."

तिसऱ्या मजल्यावर मुलांचा वॉर्ड होता. बाबांची नोंद तीन वर्षांपूर्वी निवृत्तीच्या दिवशी निघाली होती, ती तिने पुन्हा घातली, फक्त आजच्यापुरती, फक्त त्या एका दारासाठी. वर गेल्यावर बाबांनी पाकिटातलं जुनं कार्ड टेकवलं. हिरवा दिवा लागला. दार उघडलं तरी ते क्षणभर उंबऱ्यातच थांबले, तेव्हा तिने पाठीला हात लावला.

वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर टेबलाशी औषधं मोजत होत्या. केस पिकलेले, आवाज वॉर्डभर पोचणारा. "अरेच्चा, जुने साहेब! कार्ड बिघडलं का कुणाचं?"

बाबांनी घसा खाकरला. "अकरा वर्षांपूर्वी दुपारी कपाट उघडलं नव्हतं. तुम्हीच होतात ना फोनवर? त्या पोराचं काय झालं?"

सिस्टरनी गोळ्यांची बाटली खाली ठेवली. "चार मिनिटं उघडलं नव्हतं, तेच ना? आठवतंय की. पण कपाटापाशी उभं कोण राहतंय साहेब! मी फोन टाकला आणि शेजारच्या वॉर्डात पळाले, त्यांच्या ट्रॉलीवरून मिनिटभरात औषध आणलं. संध्याकाळी ते कार्टं आईच्या मांडीवर बसून माझी कात्री ओढत होतं." मग त्यांनी बाबांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "अहो, दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला सांगायला फोन केला होता. वाजत राहिला."

"मी तिथेच होतो," बाबा म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही दुसरंच काही सांगाल."

मागे एका खाटेवर कुणीतरी पोर खुळखुळा आपटत होतं. मशीनताईने तोंडाला पदर लावला.

"केवढा असेल तो आता?" बाबांनी विचारलं, आणि हात कमरेपाशी धरून दाखवला. "एवढा?"

"छे हो! गेल्या वर्षी झाडावरून पडून आला होता माझ्याकडेच, प्लास्टर घालायला. भारी द्वाड." सिस्टरनी बाबांचा हात धरला आणि वर उचलला, कमरेवरून छातीशी, छातीवरून खांद्याशी. "एवढा."

त्यांनी हात सोडला. बाबांनी मात्र तो खाली घेतला नाही. रडत रडत, खांद्याएवढ्या उंचीवर तळवा धरून ते तसेच उभे राहिले.